चष्मा लावा, फोन लावा, घोर लावू नका: जपानी ‘काकेरु’ समजून घेताना

जपानमधल्या दवाखान्यात, बँकेत किंवा नगरपालिकेच्या कचेरीत गेलात, की खिडकीपलीकडची व्यक्ती तुमचा कागद घेते आणि नम्रपणे म्हणते, ‘ओकाके नि नात्ते ओमाचि कुदासाइ.’ ‘काकेरु म्हणजे टांगणे’ एवढंच पाठ केलेला नवा विद्यार्थी इथे अडखळतो. टांगायचं काय आणि कुठे? प्रत्यक्षात त्याला ‘बसून घ्या, जरा थांबा’ एवढंच सांगितलेलं असतं. क्रियापद तेच आहे, फक्त इथे टेकवायची आहे ती कंबर, म्हणजे ‘कोशि’. कोशि ओ काकेरु, कंबर खुर्चीवर टेकवणे, म्हणजेच बसणे.

हेच काकेरु भिंतीवरच्या चित्रासाठी येतं, चष्म्यासाठी, कुलपासाठी, फोनसाठी, इस्त्रीसाठी आणि कटलेटवर ओतलेल्या सॉससाठी येतं. आयात शुल्कासाठी येतं, दुसऱ्याला झालेल्या त्रासासाठी येतं आणि गुणाकारासाठीही येतं. शब्दकोशात त्याच्या अर्थांची रांग लागलेली असते, आणि ती रांग पाहूनच बरेच जण हात टेकतात.

सध्या जपानी शिकणाऱ्यांची संख्या वाढायला एक ताजं कारण आहे. २९ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोत झालेल्या भारत-जपान शिखर बैठकीत मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर झाला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख लोकांनी ये-जा करावी आणि त्यात भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जावीत, असं त्यात म्हटलं आहे. २०१९ साली सुरू झालेल्या ‘तोकुतेइ गिनोऽ’, म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसासाठी साधारणपणे जपानी भाषा परीक्षेची एन४ ही पातळी किंवा त्याच तोडीची दुसरी चाचणी पास व्हावी लागते. वृद्धांची सेवा, उपाहारगृहाचं स्वयंपाकघर, कारखाना, यातल्या कुठल्याही कामावर पहिल्या दिवसापासून काकेरु कानावर पडणार. परीक्षेत तो जितका विचारतात त्याहून कितीतरी जास्त.

मराठी माणसासाठी यात एक चांगली बातमी आहे. इंग्रजीतून शिकायला गेलं तर काकेरुला प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद शोधावं लागतं. मराठीत मात्र बहुतेक जागी एकच शब्द बसतो: लावणे. चष्मा लावतो, कुलूप लावतो, फोन लावतो, गजर लावतो, गाणी लावतो, ब्रेक लावतो, कर लावतो. मराठी आईच्या मांडीवर शिकलेलं हे क्रियापद जपानीच्या वर्गात बाहेर ठेवून येऊ नये. फक्त त्याची साथ कुठपर्यंत आहे आणि कुठे सुटते, ते नीट माहीत हवं.

आधी उच्चार

का-के-रु. तीन टाळ्या, तिन्ही सारख्या लांबीच्या. मराठी डोळ्याला ‘का’ दिसला की जीभ तो लांबवते. इथे तो आखूड ठेवायचा. या लेखात जिथे स्वर खरोखर लांब आहे तिथे ऽ ही खूण केली आहे. टोकियोच्या बोलीत आवाज ‘के’वर चढतो आणि ‘रु’वर उतरतो. हा चढउतार लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

रूपं सोपी आहेत. ‘रु’ काढा आणि जोडा: काकेमासु (लावतो, नम्र रूप), काकेता (लावला), काकेनाइ (लावत नाही), काकेते (लावून).

मूळ चित्र: खुंटी, पांघरूण आणि हात

काकेरुच्या मुळाशी एक साधी कृती आहे: एक गोष्ट दुसरीवर अशी ठेवायची, की तिचा भार, तिचा पसारा किंवा तिचा परिणाम त्या दुसरीवर येईल.

खुंटीवर सदरा अडकवला, की सदऱ्याचा भार खुंटीवर येतो. ‘काबे नि ए ओ काकेरु’, भिंतीवर चित्र लावणे. चष्मा नाकाकानांवर टेकतो, म्हणून ‘मेगाने ओ काकेरु’. जपानीत अंगावर घालायच्या वस्तूंसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत: सदऱ्यासाठी किरु, बुटांसाठी हाकु, टोपीसाठी काबुरु. चष्म्याच्या वाट्याला काकेरु येतं, कारण तो अंगात घालत नाहीत, अडकवतात. बटणाचंही तसंच, ‘बोतान ओ काकेरु’.

भार नसेल तर पसारा असतो. ‘फुतोन ओ काकेरु’ म्हणजे अंगावर पांघरूण घालणे. जपानी बिछान्यात खाली अंथरायची गादी ती शिकिबुतोन आणि वर घ्यायची दुलई ती काकेबुतोन. मीठ भुरभुरणं, झाडावर पाणी शिंपडणं, कटलेटवर सॉस ओतणं, हे सगळं याच घरातलं: वरून खाली येऊन पसरणारं काहीतरी. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी इथला फरक पक्का करावा. पदार्थावर वरून शोऽयु ओतला तर काकेरु. वाटीतल्या शोऽयुत पदार्थ बुडवला तर त्सुकेरु. भाजी शिजताना आत मीठ टाकलं तर इरेरु. मराठीत आपण तिन्हीला ‘घालणे’ किंवा ‘लावणे’ म्हणून मोकळे होतो. जपानी स्वयंपाकघरात या तीन शब्दांवरून ताटाचं रूप बदलतं.

तिसरा प्रकार यंत्रांचा आणि अवजारांचा: आइरोन (इस्त्री), सोऽजिकि (व्हॅक्यूम क्लीनर), बुरेऽकि (ब्रेक), एन्जिन, कागि (कुलूप किंवा किल्ली), मेझामाशि (गजर), देन्वा (फोन). यात टांगलेलं काही दिसत नाही. पण अवजाराचा परिणाम कशावर तरी टाकला जातो: इस्त्री कापडावर, ब्रेक चाकावर, कुलूप दारावर.

‘ओ’ कुठे आणि ‘नि’ कुठे

मराठीत विभक्ती प्रत्यय नामाला चिकटतात. जपानीत त्यांच्यासारखंच काम करणारे छोटे शब्द नामाच्या मागे येतात, त्यांना जोशि म्हणतात. काकेरुच्या वाक्यात दोन जोशि महत्त्वाचे. जी गोष्ट टाकली, टेकवली, लावली जाते तिच्यामागे ‘ओ’. ज्यावर तिचा भार किंवा परिणाम येतो त्यामागे ‘नि’. मराठीतल्या ‘-ला’ आणि ‘-वर’ची जागा बहुधा ‘नि’ घेतो.

तोऽफु नि शोऽयु ओ काकेरु: तोऽफुवर शोऽयु ओतणे.
शात्सु नि आइरोन ओ काकेरु: शर्टाला इस्त्री करणे.

दुसरं वाक्य इंग्रजीतून आलेले विद्यार्थी हमखास चुकवतात. त्यांच्या डोक्यात शर्ट हे कर्म असतं, म्हणून ते शर्टामागे ‘ओ’ लावतात. आपण मुळातच ‘शर्टाला इस्त्री’ म्हणतो, त्यामुळे नीट ऐकलं तर ही चूक आपल्याकडून व्हायचं कारण नाही.

मात्र एक वळण आहे. कधीकधी वस्तूच एखाद्या प्रक्रियेच्या हवाली केली जाते. तेव्हा वस्तूमागे ‘ओ’ आणि प्रक्रियेमागे ‘नि’ येतो. ‘नाबे ओ हि नि काकेरु’, भांडं चुलीवर चढवणे. फळं ‘मिकिसाऽ नि काकेरु’, मिक्सरला लावणे. मुद्दा ‘काइगि नि काकेरु’, बैठकीपुढे ठेवणे. आरोपीला ‘साइबान नि काकेरु’, त्याच्यावर खटला चालवणे. इस्त्री आणि मिक्सर ही दोन्ही यंत्रंच, तरी जोशि उलटे. एकच प्रश्न विचारून पाहा: हलतं कोण? इस्त्री शर्टावर फिरते, म्हणून ‘ओ’ इस्त्रीला. फळं मिक्सरमध्ये जातात, म्हणून ‘ओ’ फळांना. एवढ्या कसोटीवर बहुतेक वाक्यं सुटतात.

वस्तू जाते, भार उरतो

लाक्षणिक अर्थ समजायला नवं काही शिकावं लागत नाही. वरच्या चित्रातली वस्तू काढून टाका आणि तिच्या जागी न दिसणारं काहीतरी ठेवा: आवाज, वेळ, काळजी, संशय, कर.

‘कोए ओ काकेरु’, म्हणजे आवाज दुसऱ्यावर टाकणे: हाक मारणे, आपणहून बोलायला जाणे. वृद्धसेवेच्या प्रशिक्षणात याचंच नाम ‘कोएकाके’ हे फार मोलाचं मानलं जातं. आजी-आजोबांच्या अंगाला हात लावण्याआधी, त्यांना उठवण्याआधी, आपण काय करणार आहोत ते बोलायचं. दुलई ओढतानाही ‘फुतोन ओ काकेमासु ने’ म्हणायचं, म्हणजे ‘पांघरूण घालते हं’. न बोलता केलेल्या स्पर्शाने झोपेतला किंवा स्मृती हरवलेला माणूस दचकतो, घाबरतो, कधी हात झटकतो. त्यामुळे इथे शब्द हा कामाचाच भाग असतो. दुलईचा काकेरु आणि आवाजाचा काकेरु एकाच क्षणी, एकाच माणसावर येतात. या क्रियापदाचे दोन्ही अर्थ इतके जवळ दुसरीकडे क्वचितच दिसतात.

‘शिम्पाइ ओ काकेरु’ म्हणजे दुसऱ्याला काळजीत टाकणे. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे, जिवाला घोर लावणे. ‘मेइवाकु ओ काकेरु’, दुसऱ्यावर आपल्यामुळे त्रासाचा भार टाकणे. गाडी उशिरा आली, माल वेळेत पोचला नाही, चुकीचं बिल गेलं, की ठरलेलं वाक्य येतं: ‘गोमेइवाकु ओ ओकाके शिते, मोऽशिवाके गोझाइमासेन.’ आपल्यामुळे त्रास झाला, माफी असावी. कामावर जाणाऱ्याने हे वाक्य झोपेतही म्हणता येईल इतकं घोटून ठेवावं. आणि त्यातलं ‘ओकाके’ म्हणजे दवाखान्याच्या खिडकीतलं तेच ‘ओकाके’, हे ओळखावं. तिथे कंबरेचा भार खुर्चीवर होता. इथे त्रासाचा भार समोरच्याच्या खांद्यावर आहे.

‘झेइकिन ओ काकेरु’, कर लावणे. ‘कान्झेइ ओ काकेरु’, आयात शुल्क लावणे; २०२५ मध्ये अमेरिकेच्या शुल्काच्या बातम्यांमुळे हा शब्दप्रयोग जपानी बातम्यांत सतत ऐकू आला. ‘इनोचि ओ काकेरु’, जीव पणाला लावणे. पैज लावणे, जुगारात पैसे लावणे, हेही काकेरुच.

आणि एक खास जपानी प्रयोग: ‘कामा ओ काकेरु’. कामा म्हणजे विळा. समोरच्याच्या पोटातली गोष्ट काढायला आपल्याला सगळं ठाऊक असल्यासारखं बोलणे. मराठीत आपण म्हणतो, खडा टाकून पाहणे. इथे शब्द जुळत नाहीत, पण डाव तोच.

जोडीदार: काकारु, म्हणजे लागणे

काही क्रियापदांत कोणीतरी कशावर तरी क्रिया करतं, ती सकर्मक. काहींत गोष्ट आपोआप घडते किंवा तशी दाखवली जाते, ती अकर्मक. मराठीत पाडणे-पडणे, तोडणे-तुटणे, लावणे-लागणे. जपानीत अशा जोड्यांचा एक मोठा गट ‘एरु-आरु’ असा चालतो: शिमेरु-शिमारु (बंद करणे-बंद होणे), हाजिमेरु-हाजिमारु (सुरू करणे-सुरू होणे), आणि आपली काकेरु-काकारु.

म्हणून लावणे-लागणे ही जोडी आख्खीच्या आख्खी जपानीवर ठेवून पाहता येते. जिकान गा काकारु, वेळ लागतो. ओकाने गा काकारु, पैसे लागतात. झेइकिन गा काकारु, कर लागतो. साकाना गा हारि नि काकारु, मासा गळाला लागतो. रोगासाठीही तेच, ‘ब्योऽकि नि काकारु’; आपली ‘लागण’ आठवा. इथे मात्र मांडणी उलटते. मराठीत रोग माणसाला लागतो, जपानीत माणूस रोगाला ‘लागतो’, जणू गळाला लागलेला मासा. म्हणून ‘नि’ रोगामागे येतो, माणसामागे नाही. साध्या सर्दीला मात्र सहसा हे क्रियापद वापरत नाहीत. तिथे ‘काझे ओ हिकु’ म्हणतात, आणि हिकु म्हणजे ओढणे.

काकारुची रूपं वेगळ्या गटातली आहेत: काकारिमासु, काकात्ता, काकारानाइ, काकात्ते. परीक्षेत आणि बोलण्यात सर्वाधिक घोटाळा काकेते आणि काकात्ते यांत होतो. काकात्तेमध्ये ‘त्’वर क्षणभर थांबायचं असतं, थांबला नाहीत तर समोरच्याला ते काकेते वाटू शकतं आणि वाक्याचा अर्थ बदलतो.

मराठीची आणखी एक मदत, आणि ही व्याकरणाची आहे:

कागि गा काकात्ते इरु: कुलूप लागलेलं आहे. कोणी लावलं, याच्याशी घेणंदेणं नाही.
कागि गा काकेते आरु: कुलूप लावून ठेवलेलं आहे. कोणीतरी मुद्दाम लावलं आहे.
कागि ओ काकेते ओकु: कुलूप लावून ठेवणे.

वर्गात ‘ते इरु’, ‘ते आरु’ आणि ‘ते ओकु’ हे तीन वेगवेगळे धडे असतात आणि त्यांवर आठवडे जातात. ‘लागलेलं’, ‘लावून ठेवलेलं’, ‘लावून ठेव’ हा फरक मराठी कान लहानपणापासून ओळखतो. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडला, तर निम्मा वेळ वाचेल असं ठामपणे वाटतं.

‘मग काकेरु म्हणजे लावणे, एवढंच पाठ केलं तर?’

तर महिन्याभरात चुकांचा ढीग पडेल. लावणे आणि लागणे यांची घरं काकेरु-काकारुपेक्षा मोठी आहेत आणि त्यांच्या काही खोल्या जपानीत दुसऱ्याच क्रियापदांच्या ताब्यात आहेत.

चिकटवायचं असेल तर हारु. पाकिटाला तिकीट लावणे, ‘कित्ते ओ हारु’. विजेवर चालणारं चालू करायचं असेल तर त्सुकेरु: दिवा, टीव्ही, एसी. गाणी लावायला मात्र काकेरु चालतं, ‘ओंगाकु ओ काकेरु’. मलम लावायला नुरु, रोप लावायला उएरु. आग लावणे हे ‘हि ओ त्सुकेरु’. ‘हि नि काकेरु’ म्हटलंत तर काहीतरी चुलीवर चढवलं जाईल.

दाराचं प्रकरण कामाच्या जागी महागात पडू शकतं. मराठीत ‘दार लाव’ म्हणजे दार ओढून घे. कडी घालायचीच असं नाही. जपानीत नुसतं बंद करणं ते ‘दोआ ओ शिमेरु’ आणि कुलूप घालणं ते ‘कागि ओ काकेरु’. गोदाम बंद केलं का, असं विचारल्यावर ‘शिमेमाशिता’ आणि ‘काकेमाशिता’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

फोनचंही तसंच. ‘देन्वा ओ काकेरु’ म्हणजे फोन लावणे, इथवर ठीक. पण मराठीत ‘फोन लागला’ म्हणजे आपण केलेला फोन जोडला गेला. जपानीत ‘देन्वा गा काकात्ते किता’ म्हणजे आपल्याला फोन आला. फोन लागत नाही म्हणायला ‘त्सुनागारानाइ’ लागतं, काकारानाइ नव्हे. ‘एन्जिन गा काकारानाइ’ मात्र बरोबर: गाडी सुरूच होत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘लागणे’ म्हणजे ‘गरज असणे’ या अर्थापाशी. व्हिसाला फोटो लागतो, अर्जावर शिक्का लागतो, यात काकारु येत नाही, तिथे इरु. ‘शाशिन गा इरिमासु.’ काकारु येतं ते वेळ, पैसा, श्रम असं काही खर्ची पडतं तिथे. प्रवासाला तीन तास लागतात, काकारु. प्रवासाला छत्री लागेल, इरु. भूक लागणे, झोप लागणे, निकाल लागणे, नोकरी लागणे, जावं लागणे, यांतल्या एकालाही काकारु जोडू नका. प्रत्येकाची जपानी सोय निराळी आहे.

शब्द जुळूनही भाव उलटा पडतो, अशा दोन जागा आहेत. ‘किती वेळ लावलास!’ ही मराठीत तक्रार आहे. जपानीत ‘जिकान ओ काकेरु’ पुष्कळदा कौतुकाचं असतं. ‘जिकान ओ काकेते त्सुकुत्ता’ म्हणजे घाई न करता, मनापासून वेळ देऊन बनवलेलं. दुसरी जागा डोळ्याची. ‘मे ओ काकेरु’मध्ये मे म्हणजे डोळा. मराठी मनाला लगेच दृष्ट लागणं आठवतं. जपानीत याचा अर्थ वडीलधाऱ्याने किंवा वरिष्ठाने एखाद्यावर माया करणे, त्याच्याकडे आवर्जून लक्ष ठेवणे. कोणी सांगितलं की साहेबांनी तुमच्यावर ‘मे ओ काकेते इरु’, तर आनंद माना.

‘कांजी शिकली की गोंधळ मिटेल ना?’

थोडा मिटेल. कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेली अर्थवाहक अक्षरं. एकाच काकेरु उच्चाराला अर्थाप्रमाणे वेगवेगळी कांजी आहे आणि प्रत्येकीच्या आत एक खूण आहे. टांगणे, ओतणे, लावणे या नेहमीच्या काकेरुच्या कांजीत डावीकडे हात असतो. जीव पणाला लावण्याच्या कांजीत खाली हृदय असतं. पैज लावण्याच्या कांजीत डावीकडे शिंपला; प्राचीन चीनमध्ये कवड्या-शिंपल्यांचं नाणं चाले, म्हणून पैशाशी निगडित बऱ्याच अक्षरांत तो सापडतो. पूल उभारण्याच्या कांजीत खाली लाकूड असतं. हात, हृदय, पैसा, लाकूड. एवढी चार चित्रं लक्षात ठेवली तर वाचताना अर्थ चटकन कळतो.

अडचण अशी, की बोलताना कांजी दिसत नाही, आणि लाक्षणिक अर्थ रोजच्या लिखाणातही बरेचदा साध्या हिरागानात, म्हणजे उच्चाराच्या लिपीत लिहितात. पैजेची कांजी तर सर्वसाधारण वापराच्या २,१३६ कांजींच्या सरकारी यादीत २०१० सालीच आली. ‘ओकाने ओ काकेरु’ नुसतं ऐकलं तर पैसा खर्च केला की जुगारात लावला, हे आवाजावरून ठरवता येत नाही, दोघांचा चढउतारही सारखाच. आधीच्या शब्दावरून ओळखायचं: शिक्षणावर असेल तर खर्च, घोड्यावर असेल तर पैज.

चढउतार कामी येतो तो दुसऱ्या एका काकेरुशी गाठ पडल्यावर. वाटीचा टवका उडणे, काहीतरी उणं पडणे, यालाही काकेरुच म्हणतात. त्याचा लावण्याशी काही संबंध नाही आणि त्यात आवाज ‘के’वर चढून ‘रु’वर उतरत नाही, तसाच वर राहतो. आणखी दोन काकेरु आहेत, ‘धावणे’ आणि ‘लिहिता येणे’. ते उच्चारात नेहमीच्या काकेरुसारखेच. तिथे वाक्याचाच आधार घ्यायचा.

शेपटीला लागलेला काकेरु

दुसऱ्या क्रियापदाला जोडून आला की काकेरु नवं काम करतो. एक काम रोख धरण्याचं: हानाशिकाकेरु, कोणाशी तरी आपणहून बोलायला लागणे, ओइकाकेरु, पाठलाग करणे, आपल्या भाषेत कुणाच्या मागे लागणे.

दुसरं काम अर्धवट राहण्याचं. ताबेकाके नो पान म्हणजे खाऊन अर्धा टाकलेला पाव. इइकाकेते यामेरु, बोलता बोलता थांबणे. ओबोरेकाकेता, बुडता बुडता वाचला. इथे ‘खाऊ लागला’ हे मराठी रूप आठवून फसू नका. ‘खाऊ लागला’मध्ये खाणं सुरू झालं आणि चालू राहिलं. काकेरुच्या शेपटीत मात्र क्रिया उंबरठ्यावर किंवा मध्येच अडलेली असते.

हवामानाच्या बातम्यांत ‘कारा… नि काकेते’ रोज येतं. ‘क्योऽ नो गोगो कारा आसु नो आसा नि काकेते’, आज दुपारपासून उद्या सकाळच्या सुमारापर्यंत. ठरलेल्या घटकेपर्यंत म्हणायचं असेल तर ‘मादे’ येतं. पाऊस किंवा धुकं घड्याळ पाहून थांबत नाही, म्हणून तिथे ‘नि काकेते’.

गुणाकारात ‘सान काकेरु योन वा जुऽनि’, तीन गुणिले चार बरोबर बारा. मात्र दुसरीतली मुलं पाढे म्हणतात तेव्हा काकेरु गळून जातो आणि उरतं ‘सान शि जुऽनि’, आपल्या ‘तीन चोक बारा’सारखंच.

‘इतकं सगळं डोक्यात बसवायचं कसं?’

एका बैठकीत पंचवीस अर्थांची यादी पाठ करणं, हा यातला सर्वांत वाईट मार्ग. सारखे दिसणारे अर्थ एकमेकांत मिसळतात आणि दोन दिवसांनी एकही खात्रीने सांगता येत नाही. थोडे थोडे घ्या आणि नेहमी पूर्ण वाक्यात घ्या.

पहिल्या आठवड्यात फक्त हाताने करता येणारे आठ: चित्र, चष्मा, बटण, पांघरूण, शोऽयु, कुलूप, इस्त्री, फोन. घरात ती कृती करताना वाक्य मोठ्याने म्हणा. सकाळी चष्मा उचलला की ‘मेगाने ओ काकेमासु’, बाहेर पडताना ‘कागि ओ काकेमासु’. हात आणि तोंड एकाच वेळी चालले की जोशि आपोआप जागेवर बसतात. दुसऱ्या आठवड्यात त्याच यादीतल्या जितक्यांना काकारु जुळतो तितकी वाक्यं, शिवाय वेळ लागणे आणि पैसे लागणे. तिसऱ्या आठवड्यात न दिसणाऱ्या पाच: आवाज, काळजी, त्रास, वेळ, कर. पैज, विळा, अर्धवट पाव वगैरे त्यानंतर, वाचनात भेटतील तसे.

कार्डं करणार असाल तर ‘काकेरु = लावणे’ असं कार्ड करू नका. पुढच्या बाजूला मराठी वाक्य: ‘निघताना कुलूप लावून ठेव.’ मागे पूर्ण जपानी वाक्य, जोशिसकट. आणि दर पाच कार्डांमागे एक फसवं घाला, ज्याचं उत्तर काकेरु नाही: ‘पाकिटाला तिकीट लाव’, ‘अर्जाला फोटो लागतो’. फसवी कार्डं नसतील तर डोकं विचार न करता काकेरु बोलायला शिकतं, आणि चूक थेट कामाच्या जागी कळते.

शब्दकोशापेक्षा चांगला आधार हवा असेल तर जपानच्या राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाशास्त्र संस्थेने, म्हणजे निन्जालने, मूलभूत क्रियापदांची एक पुस्तिका इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. एकेका क्रियापदाचे अर्थ मूळ अर्थापासून कसे फुटत गेले, हे त्यात उदाहरणांसह मांडलं आहे. प्रशांत परदेशी या मराठी भाषाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प झाला. ती वाचताना एका वेळी एकच फांदी घ्या, तिच्यातली दोन उदाहरणं वहीत उतरवा, ‘ओ’ आणि ‘नि’खाली रेघ ओढा, आणि शेजारी आपल्या भाषेत तिथे ‘लावणे’ बसतं की नाही याची खूण करा. खूण बसली नाही अशी वाक्यं दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली म्हणायची.